जलाशयाची प्रदक्षिणा

मुंबईहून नाशिककडे जाताना इगतपुरी मागे पडल्यावर घोटीला उजव्या हाताने जो रस्ता फुटतो, तो काही वेळ भातखाचरांमधून सरळ जातो, मग कळसूबाईच्या रांगेला भिडतो, आणि बारीची खिंड चढून नाशिक जिल्ह्याची हद्द ओलांडताच अकोले तालुक्यात, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला उतरतो. या टोकाला रतनगडाच्या पायथ्याशी प्रवरा उगम पावते, थोडे अंतर वाहते न वाहते तोच भंडारदऱ्याच्या धरणाने अडवली जाते, आणि डोंगरांच्या पायांत शिरलेल्या अनेक जिभांचा एक विस्तीर्ण जलाशय होऊन राहते. त्या जलाशयाच्या काठाकाठाने शेंडीपासून निघून पुन्हा शेंडीलाच येणारा जो रस्ता आहे, तो मोटारीने दोन-अडीच तासांत सहज संपतो, आणि तो तसाच संपवून संध्याकाळी मुंबईला परतणारे प्रवासी पुष्कळ आहेत. परंतु ज्याला नदी कोठून येते, कोठे जाते आणि तिच्या माथ्यावर राहणाऱ्या माणसांच्या वाट्याला तिच्यातले काय येते हे पाहावयाचे असेल, त्याने या रस्त्याला सूर्योदयापासून झोपेपर्यंतचा पुरता दिवस द्यावा, आणि झोपेसाठीही चार भिंती शोधू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. आम्ही गाडीत तंबू, अंथरुणे, स्टोव्ह आणि पाण्याचे कॅन घालून कार्तिकाच्या सुरुवातीला निघालो, तो याच उद्देशाने.

आदल्या रात्रीचा मुक्काम बारी गावाजवळ, कापणी झालेल्या एका खाचराच्या कोरड्या बांधालगत होता. कळसूबाई, जिचे शिखर १६४६ मीटर उंच असून महाराष्ट्रात त्याहून उंच जागा नाही, ती डोक्यावर इतकी जवळ उभी होती, की मध्यरात्रीनंतर शिखराकडे सूर्योदय पाहण्यासाठी चढणाऱ्या मंडळींच्या विजेऱ्यांची रांग तंबूच्या दारातून स्पष्ट दिसत होती. पहाटे जाग आली तेव्हा तंबूच्या कापडाला आतून पाणी सुटलेले होते. तंबूत राहण्याची सवय नसलेल्याला हे पाहून कापड गळते असे वाटते, पण ती गळती नसते: रात्रभर आत झोपलेल्या माणसांच्या श्वासातील वाफ बाहेरच्या दवाने गार पडलेल्या कापडाला लागून तिचे थेंब होतात, आणि त्याला उपाय एकच, की थंडी कितीही असली तरी तंबूची एक जाळी उघडी ठेवून वारा खेळता ठेवावा. जागा निवडतानाही डोंगरातले काही नियम पाळावे लागतात. ओढ्याच्या पात्रात किंवा अगदी पाण्याच्या काठाशी तंबू ठोकू नये, कारण तेथे गारवा आणि दव दोन्ही साठतात. उतार असल्यास डोके चढाच्या बाजूस करावे. आणि मेखा ताणाच्या विरुद्ध दिशेस तिरक्या ठोकाव्यात, म्हणजे घाटमाथ्याचा वारा सुटला तरी त्या उखडत नाहीत. उन्हे येईपर्यंत थांबून कापड वाळवणे हा खरा शहाणपणा होय, पण दिवस हातून निसटू नये म्हणून आम्ही ते ओलेच गुंडाळले, चहाची भांडी राखेने घासून घेतली, ज्यांच्या बांधावर राहिलो त्या घरी जाऊन निरोप घेतला, आणि वारंघुशीवरून शेंडीकडे निघालो.

शेंडी हे भंडारदऱ्याचे गाव, आणि शेंडीला आलेला मनुष्य प्रथम धरण पाहतो. हे धरण पाहिलेच पाहिजे. १९१० साली त्याचे काम सुरू झाले, मध्ये पहिले महायुद्ध येऊन गेले, आणि १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबई इलाख्याचे त्या वेळचे गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन होऊन त्यांचेच नाव त्याला मिळाले. सुमारे ८२ मीटर, म्हणजे २७० फूट उंचीची ही भिंत दगडी बांधकामाची आहे, आणि ती पुरी झाली तेव्हा हिंदुस्थानात तिच्याइतकी उंच धरणभिंत दुसरी नव्हती. ज्या काळात या डोंगरात मोटारीचा रस्ता म्हणण्याजोगे काही नव्हते, त्या काळात येथल्याच काळ्या बेसाल्टाचे चिरे काढून, घडवून, एकावर एक रचून नदीची वाट बंद करणाऱ्या त्या हजारो अनाम पाथरवटांचा आणि मजुरांचा विचार केल्याशिवाय त्या भिंतीपुढून हलणे योग्य नाही. भिंतीआड सुमारे अकरा अब्ज घनफूट पाणी मावते. पावसाळ्याच्या शेवटी मोऱ्या उघडल्या म्हणजे पायथ्याच्या गोलसर खडकावरून पाणी छत्रीच्या आकाराने पसरून पडते आणि तो ‘अंब्रेला’ धबधबा पाहण्यास गर्दी लोटते. आम्ही गेलो तेव्हा तो बंद होता, आणि खाली प्रवरेवर असलेल्या रंधा धबधब्याकडेही आम्ही वाकडी वाट केली नाही.

धरणाच्या माथ्यावरून पूर्वेकडे पाहिले म्हणजे नदीची घळ पाबरगडाच्या बाजूने खाली वळत जाते. तिकडे ती अकोल्यावरून, संगमनेरवरून, लोणीच्या परिसरातून जाते, आणि त्या सपाट मुलखात जो ऊस उभा राहिला, आणि ज्या उसाच्या आधाराने विठ्ठलराव विखे पाटलांनी अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या मार्गदर्शनाखाली १९५० च्या सुमारास लोणीला सहकारी साखर कारखाना उभा केला, त्या उसाच्या मुळाशी याच भिंतीने अडवलेले पाणी आहे. पुढे नदी नेवाशाला जाते, जेथे शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सिद्ध झाली, आणि मग टोक्याजवळ प्रवरासंगमास गोदावरीत विलीन होते. पुराणांनी तिला अमृतवाहिनी म्हटले आहे. अकोले-संगमनेरच्या लोकांना हे विशेषण आजही अतिशयोक्तीचे वाटत नाही, कारण पावसाचा नकाशा येथे विलक्षण क्रूर आहे: जलाशयाच्या पश्चिम टोकाला घाटघर-रतनवाडीकडे वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि पूर्वेस अकोल्यापर्यंत येता येता तो त्याच्या सुमारे दहाव्या हिश्शावर येतो. दोन्ही ठिकाणे एकाच तालुक्यात आहेत. वरच्या मुलखात पडलेले पाणी खालच्या मुलखाला नेऊन पोचवणे, हे या धरणाचे प्रयोजन आहे आणि ते त्याने शंभर वर्षे चोख बजावले आहे.

शेंडीहून पुढे गेल्यावर वनखात्याचा नाका लागतो. हा सारा प्रदेश १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो, त्यामुळे नाक्यावर माणशी आणि गाडीमागे पावती फाडावी लागते, आणि ती फाडताना तंबू कोठे ठोकणार हेही सांगून ठेवावे, म्हणजे रात्री कोणी उठवावयास येत नाही. नाका ओलांडल्यावर उत्तर काठाने रस्ता मुरशेत, पांजरे, उडदावणे अशी गावे घेत जातो. उजव्या हाताला कळसूबाईच्या रांगेचे कडे, डाव्या हाताला पाणी, आणि या दोहोंच्या मधल्या निमुळत्या पट्ट्यात पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरे, अशी या रस्त्याची रचना असून कार्तिकात त्या खाचरांचा रंग पिकलेल्या भाताच्या पिवळ्यापासून कापलेल्या धसकटांच्या करड्यापर्यंत प्रत्येक बांधागणिक बदललेला असतो. कोठे कापणी चालली होती, कोठे पेंढ्या बांधून ठेवल्या होत्या, आणि पांजऱ्याच्या पुढे एका खळ्यावर दोन बाया आणि एक वृद्ध गृहस्थ लाकडी फळीवर पेंढ्या झोडत होते. प्रत्येक तडाख्यासरशी दाण्यांचा जो सपकारा उडे त्याचा आवाज गाडी थांबवून काचा खाली केल्यावर पाण्यावरून परतून ऐकू येत होता.

आम्ही खाली उतरून विचारले तेव्हा त्या गृहस्थांनी एक लोंबी तळहातावर चोळून दाखवली. तूस काळे होते, आत दाणा बारीक आणि पांढरा होता, आणि नुसत्या चोळण्याने सुवास सुटला. हा काळभात. “ह्यो घरापुरता, पावनं. इकायचा त्यो दुसरा,” ते म्हणाले. काळभाताला उतारा कमी, दिवस जास्त, आणि वारा-पावसात तो आडवा होण्याचे भय फार. तरी घरच्या सणासुदीसाठी त्याचे एखादे खाचर राखण्याची रीत अद्याप गेलेली नाही. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी अशी गावठी वाणे घरोघर हिंडून गोळा केली, त्यांची बीजबँक उभी केली, आणि २०२० साली पद्मश्रीच्या यादीत त्यांचे नाव आले, हे पुष्कळांना ठाऊक असते. परंतु त्या कामाचे खरे मोल अशा एखाद्या खळ्यावर, काळ्या तुसाची लोंबी नाकाशी धरल्यावर समजते. येथली भातशेती अजून राबाची आहे, म्हणजे उन्हाळ्यात झाडांच्या फांद्या, पालापाचोळा, शेण आणि गवत रोपाच्या वाफ्यावर पसरून ते भाजतात, त्या भाजलेल्या जमिनीत पहिल्या पावसाला पेरणी होते, आणि मग रोपे उपटून चिखलणी केलेल्या खाचरात लावतात. खाचरे संपली की वरच्या उतारांवर नागली आणि वरई.

येथली वस्ती मुख्यत्वे महादेव कोळी आणि ठाकर यांची. पेशवाईपर्यंत डोंगरी किल्ल्यांची राखण आणि घाटवाटांचा बंदोबस्त यांत महादेव कोळ्यांच्या नाईकांना मानाचे स्थान होते. १८१८ साली इंग्रजी अंमल बसल्यावर किल्ले ओस पडले, जुनी कामे आणि त्यांवरची प्राप्ती बुडाली, आणि उरली ती महसुलाची रोकड मागणी व ती भागवण्यासाठी सावकाराच्या दारात उभे राहणे. या जाचातून जे बंड उठले त्याचे अग्रणी देवगावचे राघोजी भांगरे. सावकारांची खतपत्रे हे त्यांच्या रोषाचे पहिले लक्ष्य होते, आणि ज्यांनी या डोंगरातल्या जमिनी कागदावरून हातोहात जाताना पाहिल्या होत्या त्यांना तो रोष समजावून सांगण्याची गरज नव्हती. २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात राघोजींना फाशी देण्यात आले. अठराशे सत्तावन्नच्या आधी नऊ वर्षे. मराठी शाळांच्या क्रमिक पुस्तकांत या डोंगरी बंडांना जितकी जागा मिळावयास हवी तितकी मिळत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

उडदावण्यानंतर चढ लागतो आणि रस्ता घाटघरला येतो. येथे सह्याद्री एकाएकी संपतो. गवताळ माळावरून चालत कड्यापर्यंत गेले की पायांपुढची जमीन तुटते आणि शहापूर तालुक्यातले कोकण निळसर धुक्यात खाली पसरलेले दिसते. उजवीकडे अलंग, मदन आणि कुलंग हे तीन दुर्ग एका रांगेत उभे, ज्यांतील मदनगड चढण्यास दोराशिवाय गत्यंतर नाही. कड्याच्या टोकाशी उभ्या असलेल्या माणसाने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. त्याच्या पाठीमागे पडलेला पाऊस प्रवरेत, प्रवरेतून गोदावरीत आणि गोदावरीतून बंगालच्या उपसागरात जातो. त्याच्या पुढ्यात, काही पावलांवर पडलेला पाऊस कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळतो. द्वीपकल्पाचा जलविभाजक ही भूगोलाच्या पुस्तकातली रेषा येथे पायांनी ओलांडता येते.

आणि ही रेषा माणसाने पाण्याकडूनही ओलांडवून घेतली आहे. घाटघरला वर एक जलाशय आहे आणि चारशेहून अधिक मीटर खाली, कोकणात चोंढ्याजवळ दुसरा. डोंगराच्या पोटातल्या वीजघरात प्रत्येकी १२५ मेगावॉटची दोन यंत्रे आहेत. विजेची मागणी चढते तेव्हा वरचे पाणी खाली सोडून वीज काढतात, आणि मध्यरात्री मागणी उतरली म्हणजे शिल्लक विजेवर तीच यंत्रे उलटी फिरवून ते पाणी परत वर चढवतात. पाणी वर चढवण्यास जितकी वीज लागते तितकी ते उतरताना मिळत नाही, तरी हा व्यवहार परवडतो, कारण मध्यरात्रीच्या विजेला गिऱ्हाईक नसते आणि संध्याकाळच्या विजेवाचून शहराचे चालत नाही. २००८ साली हा प्रकल्प सुरू झाला. त्यासाठी बांधलेली धरणे रोलरने दाबलेल्या काँक्रीटची असून त्या पद्धतीची भारतातली ती पहिली होत. भंडारदऱ्याची चिऱ्यांची भिंत सकाळी पाहिलेल्या माणसाला, शतकभरात पाणी अडवण्याची विद्या किती पुढे गेली, हे त्याच दिवशी दुपारच्या आत दिसते.

घाटघरहून साम्रद जवळच आहे. साम्रदला गाडी ठेवून आम्ही गावातला एक तरुण बरोबर घेतला आणि सांदण दरीकडे निघालो. सांदण पाहण्यास सूर्य डोक्यावर असलेला बरा, कारण दुपारचे एक-दोन तास सोडले तर तिच्या तळाशी ऊन पोचतच नाही. गावापासून करवंदीच्या जाळ्यांमधून आणि झाडीतून थोडे चालल्यावर जमिनीत एक भेग दिसते, आणि दहा-वीस पावले उतरताच आपण डोंगराच्या आत असतो. दोन्ही अंगांना काळ्या कातळाच्या उभ्या भिंती, दोन-तीनशे फूट उंच; मध्ये कोठे दहा फुटांची, कोठे त्याहूनही कमी अशी वाट; आणि वर आकाशाची वेडीवाकडी चीर. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूगर्भातून वारंवार वाहिलेल्या लाव्ह्याचे थर एकावर एक साचून दख्खनचे पठार झाले. ते थर निवताना आणि पुढे भूकवचाच्या ताणाने त्यांना उभ्या चिरा पडल्या. आणि त्यांपैकी एका चिरेत पावसाचे पाणी शिरून, वर्षानुवर्षे तळ कोरत, पडलेले दगड घासत पश्चिमेकडे कोकणाची वाट काढीत राहिले. सांदण ही त्या पाण्याची करणी आहे.

भिंतींकडे नीट पाहिले तर हे सारे वाचता येते. लाव्ह्याचा एक थर संपून दुसरा जेथे सुरू होतो तेथे एक तांबूस पट्टा आडवा गेलेला दिसतो. जुन्या लाव्ह्याच्या पृष्ठभागावर पुढचा ओघ येण्यापूर्वी जी माती झाली होती ती भाजून असा रंग आला. थरांच्या माथ्याकडे कातळ सच्छिद्र असतो, कारण निघून जाणारे वायू तेथे अडकले, आणि त्या छिद्रांत पुढे पांढरी खनिजे बसली. हात फिरवला की ती बोटांना खरखरीत लागतात. तळाचे दगड मात्र गुळगुळीत, कारण दर पावसाळ्यात ते लोळत पुढे सरकतात. थोड्या अंतरावर पहिले पाणी लागते, ते आम्हांला गुडघ्यापर्यंत आले. दुसरे कमरेपर्यंत, आणि इतके गार, की पलीकडे गेल्यावर काही वेळ पायांना स्पर्श कळेना. त्या डबक्याच्या कडेला, उन्हाची एक तिरीप पाण्यावर पडून समोरच्या भिंतीवर हलणारी जाळी उमटली होती, आणि त्या जाळीच्या मधोमध एक खेकडा कपारीच्या ओल्या शेवाळावर बसून राहिला होता. आम्ही तेथून निघेपर्यंत तो हलला नाही. पुढे प्रचंड शिळांचा पसारा आहे, त्यावरून चढत-उतरत गेले की दरीचे तोंड उघडते आणि कोकणाच्या बाजूस कडा तुटतो. तेथून खाली डेहण्याकडे दोर लावून उतरणारी साहसी मंडळी असतात. आम्ही तेथून माघारी फिरलो. या दरीत पावसाळ्यात पाऊल घालू नये, आणि पावसाळ्याबाहेरही आकाश भरून आले असता घालू नये. वर डोंगरात पडलेली एक सर या भेगेत काही मिनिटांत भिंतीएवढी होऊन येते आणि मध्ये अडकलेल्याला वर चढण्यास जागा नसते. बरोबरच्या तरुणाने हे पुन्हापुन्हा सांगितले, आणि वाटाड्याशिवाय कोणी आत गेलेला दिसला तर गावातली माणसे त्याच्या मागे जाऊन त्याला परत आणतात, असेही तो म्हणाला.

साम्रदहून रतनवाडीकडे येताना रस्ता दाट झाडीतून जातो. हिरडा, बेहडा, जांभूळ, ऐन, उंबर. हिरडा गोळा करून विकणे हे येथल्या कुटुंबांच्या रोख उत्पन्नाचे एक साधन आहे, आणि हीच झाडे ज्येष्ठाच्या सुरुवातीला, पहिल्या पावसाच्या आगेमागे, काजव्यांनी भरून जातात. त्या पंधरवड्यात या रस्त्यावर इतक्या गाड्या लोटतात, की त्यांच्या दिव्यांच्या झोतात काजव्यांचे परस्परांना दिलेले संकेतच लोपतात. आणि हे संकेत म्हणजे नराने मादीला घातलेली साद असल्याने, ती न पोचणे म्हणजे पुढच्या वर्षीचे काजवे कमी होणे होय. ज्यांना काजवे प्रिय आहेत त्यांनी त्या दिवसांत दिवसाउजेडी गावात पोचावे आणि अंधार पडल्यावर गाडी जागची हलवू नये.

रतनवाडीला आलो तेव्हा दिवस कलला होता आणि अमृतेश्वराच्या मंदिरावर पश्चिमेचे ऊन तिरपे पडले होते. शिल्प पाहण्यास ही वेळ सर्वांत उत्तम, कारण तिरप्या उन्हात कोरीव कामाची खोली सावलीने उठून दिसते. उत्तर कोकणच्या शिलाहारांपैकी झंझ राजाने बारा शिवालये बांधली असा ताम्रपटातला उल्लेख आहे, आणि नद्यांच्या उगमापाशी उभारलेल्या त्या बारांपैकी हे एक, असे परंपरा सांगते. मंदिराची आजची घडण पाहून काही अभ्यासक त्याला नंतरच्या काळात ठेवतात. मला त्या वादापेक्षा शिखर अधिक वेळ खिळवून ठेवते. मधून उभे पट्टे चढत गेले आहेत, आणि त्या पट्ट्यांमधल्या जागेत मुख्य शिखराचीच छोटी छोटी प्रतिरूपे रांगांनी वर चढवली आहेत, प्रत्येक रांग खालच्या रांगेहून किंचित लहान, त्यामुळे नजर आपोआप माथ्याकडे खेचली जाते. मंदिराला पुढून आणि मागून अशी दोन्हीकडून दारे आहेत. आत मंडपाच्या छतावर वर्तुळांत वर्तुळे कोरलेली, खांबांवर भार पेलणारे यक्ष, आणि त्यांच्या फुगलेल्या गालांवर व आवळलेल्या ओठांवर भाराची जाणीव इतकी खरी, की कारागिराने कोणा हमालाचा चेहरा समोर ठेवूनच ती मूर्ती घडवली असावी. पावसाळ्यात गर्भगृहात पाणी भरून पिंडी बुडते. जवळच पुष्करणी आहे, तिच्या भिंतींतल्या कोनाड्यांतून देवतांच्या मूर्ती बसवल्या आहेत, आणि तिच्या पायऱ्यांवर उभे राहिले की मागे रतनगड व त्याचा खुट्टा सुळका, आणि रतनगडाच्या माथ्यावर वाऱ्या-पावसाने आरपार झालेले नेढे दिसते. रतनगडाची चढाई दुसऱ्या दिवसाची, तिचे वर्णन येथे करीत नाही.

तंबू आम्ही जलाशयाच्या काठापासून बराच वर, एका घराच्या मागच्या पडीत, घरधनिणीने दाखवलेल्या जागी ठोकला. सकाळचे ओले कापड वाऱ्यावर वाळत घातले, आणि जेवण त्याच घरी सांगितले: चुलीवरची नागलीची भाकरी, उडदाचे घुटे, लसणाची चटणी, आणि शेवटी भात. वाढता वाढता त्या मावशींनी विचारले, “गाडीत पानी हाय का अजून? नसंल तं सकाळी भरून देते. आता हाय. चैत-वैशाखात येशील तं घरून घिऊन ये, बाबा.” जेथे वर्षाला पाच हजार मिलीमीटर पाऊस पडतो आणि अंगणातून पाण्याचा समुद्र दिसतो, तेथे उन्हाळ्यात हंडाभर पाण्यासाठी मैलभर उतरावे-चढावे लागते, हे ऐकून नवखा मनुष्य चकित होतो, परंतु कारण सरळ आहे. हा कातळ पाणी धरून ठेवीत नाही. पडलेला पाऊस उतारावरून धरणात जातो, विहिरी फाल्गुनात तळ गाठतात, आणि धरणाचे पाणी जसजसे खाली सोडले जाते तसतसा काठ गावापासून दूर दूर सरकत चिखलाचा पट्टा रुंदावत जातो. मावशींच्या सासऱ्यांच्या वेळची खाचरे त्या पाण्याखाली आहेत. ती कोठे असतील हे त्यांनी उंबऱ्यात उभे राहून हात लांबवून दाखवले. खालच्या मुलखाला उसासाठी पाणी, शहराला संध्याकाळची वीज, आणि ज्यांच्या डोक्यावर पाऊस पडतो त्यांना चैत्रात टँकरची वाट, ही वाटणी न्यायाची नाही. लहान बंधारे, झऱ्यांच्या तोंडाशी बांधलेली टाकी आणि उताराने खेळवलेले नळ यांनी यावर पुष्कळ इलाज होण्यासारखा आहे, डोंगरात काही गावांनी तो केलाही आहे, आणि शासनाने या माथ्यावरच्या गावांचा हक्क धरणाच्या हिशेबात पहिल्या ओळीत मांडावा, असे मला मनापासून वाटते.

वाचकांपैकी ज्यांना ही प्रदक्षिणा करावयाची असेल त्यांनी कार्तिक ते माघ हा काळ निवडावा. घोटीला गाडीत इंधन पुरते भरून घ्यावे. पिण्याचे पाणी आपले आपण आणावे. डोंगरातले गवत मार्गशीर्षापासून वाळून कोळ होते, म्हणून उघड्यावर शेकोटी पेटवू नये, स्वयंपाक स्टोव्हवर करावा. आणि प्लास्टिकचा एक कपटाही तेथे न टाकता गाडीत घालून शहरात परत न्यावा. तंबूसाठी जागा ज्याची असेल त्याला विचारून घ्यावी, सांदणला वाटाड्या गावातलाच करावा, निदान एक जेवण गावातल्या घरी सांगावे, आणि त्याचा जो दर सांगितला जाईल तो घासाघीस न करता द्यावा.